वांगं-मिरची सोडून तीन महिने झाले, आता पुढं काय?

अमळनेरकडच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ४२, एकत्र कुटुंब, सासू-सासरे, जेठ-जेठाणी, मुलं धरून घरात नऊ माणसं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबडे (ज्वारीचे पापड) यांचं काम झालं आणि तेव्हापासून त्यांच्या दोन्ही हातांची बोटं दुखायला लागली, सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, बोटांची पेरं सुजल्यासारखी वाटतात. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात सांगितलं की वांगं, टोमॅटो, बटाटा आणि मिरची ही एकाच कुळातली, 'नाइटशेड' म्हणतात ती झाडं, त्यांच्यातल्या विषारी द्रव्याने सांधे सुजतात, तर चारही कायमची बंद करा आणि अश्वगंधा चालू करा. त्यांनी आषाढी एकादशीपासून तसंच केलं. दुखणं कमी झालंय "असं वाटतं, पण रोज नाही". वजन चार किलो उतरलंय. नवरा म्हणतो मोबाईल बघून डॉक्टर झाली, सासूबाई म्हणतात "मिरची नही त भाजी कसानी?", जेठाणी वेगळी भाजी टाकून देते म्हणते पण एकटीसाठी वेगळं करून घ्यायला यांना कसंतरीच वाटतं, म्हणून बहुतेक वेळा दही-भाकरी नाहीतर वरण-भात खाऊन उठतात. मार्गशीर्षात, चंपाषष्ठी झाल्यावर, पुतण्याचं लग्न आहे, जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठरलेली. विचारतात, हे असंच चालू ठेवू का, आणि ठेवलं तर या घरात कसं ठेवू? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "बाकी मला काही व्यसन नाही, सकाळी फक्त मिश्री लावते."

ताई,

आधी हातांचं बोलू, वांग्याचं नंतर.

तुमच्या अख्ख्या पत्रात डॉक्टर हा शब्द फक्त नवऱ्याच्या टोमण्यात आलाय. चार-पाच महिने दोन्ही हातांची बोटं दुखतायत, सकाळी मूठ वळत नाही, पेरं सुजतात, वजन उतरतंय, आणि अजून कुणी तुमचे हात हातात घेऊन दाबून बघितलेले नाहीत याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मी डॉक्टर नाही आणि तुम्हाला काय झालंय हे मी सांगणार नाही, पण एवढं पक्कं सांगते की दोन्ही हातांचे लहान सांधे, सहा आठवड्यांपेक्षा जास्त दुखणं, आणि सकाळचं आखडणं अर्धा-एक तास राहणं, हे तीन एकत्र आले की आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला आरए म्हणतात, तो नाही ना हे बघावंच लागतं. आणि तो असेल तर त्यात वेळेला फार किंमत आहे. सांधा एकदा झिजून वाकडा झाला की कुठल्याही पथ्याने सरळ होत नाही, पण पहिल्या काही महिन्यांत औषध चालू झालं तर बऱ्याच जणांचे हात वाचतात.

तर या आठवड्यात जा. अमळनेरात तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील त्यांच्याकडे, नाहीतर जळगाव किंवा धुळ्याला, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल आहे, तिथं मेडिसिनच्या ओपीडीत दाखवता येतं, आणि संधिवाताचे तज्ज्ञ मिळाले तर फारच उत्तम. ते रक्त तपासायला सांगतील, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, बहुधा थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व पण. एक लक्षात असू द्या, नुसता आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असं होत नाही आणि पॉझिटिव्ह आला म्हणून आहेच असंही नाही, म्हणून रिपोर्ट घेऊन लॅबमधूनच घरी येऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मागच्या वर्षभरात चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याचं सांधेदुखणं महिनोन् महिने मागे राहतं. आणि वजन उतरल्याचं मुद्दाम सांगा. तुम्ही ते पत्रात फायदा झाल्यासारखं लिहिलंय, मला तो फायदा वाटत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न.

व्हिडिओत सांगितलेलं एक खरं आहे. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची ही एकाच कुळातली आहेत, ढोबळी मिरची आणि रसभरी पण त्यातलीच. काळी मिरी नाही, रताळं नाही, सुरण नाही, ही लोक उगाच त्या यादीत टाकतात. या कुळातल्या झाडांमध्ये सोलॅनिनसारखी द्रव्यं असतात हेही खरं, बटाट्याला हिरवा डाग पडला की किंवा कोंब आले की ती वाढतात आणि शिजवून फारशी जात नाहीत, म्हणून हिरवा पडलेला बटाटा कुणीच खाऊ नये, तुम्ही नाही, तुमच्या मुलांनीही नाही. पण बाजारातल्या चांगल्या बटाट्यात त्याचं प्रमाण किलोला २०० मिलिग्रॅमच्या आत असावं असं धरतात आणि साधारण ते बरंच कमी असतं, सोलून खाल्लं की आणखी कमी, कारण ते बरंचसं सालीत असतं. तेवढ्याने सांधे सुजतात असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ही सांध्यांची गोष्ट गाजवली ती अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या नॉर्मन चाइल्डर्स नावाच्या प्राध्यापकांनी, १९७० च्या दशकात, आणि ते वैद्यकाचे नव्हते, बागायतशास्त्राचे होते. त्यांनी स्वतःचं दुखणं आणि लोकांनी कळवलेले अनुभव यावरून ते मांडलं. अनुभव खोटे असतात असं मी म्हणत नाही. काही माणसांना यातल्या एखाद्या पदार्थाने त्रास होत असेलही, पण "एखाद्याला एखाद्याने" आणि "सगळ्यांना चारही" यात फार अंतर आहे.

आणि कुळाचंच म्हणाल तर बघा. ज्या व्हिडिओने वांगं सोडायला लावलं त्यानेच अश्वगंधा घ्यायला लावली, आणि अश्वगंधा त्याच कुळातली! धोतरा पण त्याच कुळातला, कामुनी पण, बांधावरची भुईरिंगणी पण. एकाने माणूस मरतो, एक औषध म्हणून घेतात, एकाचं आपण भरीत करतो. भाऊबंदकीत कसं, आडनाव एक पण स्वभाव दहा, तसंच हे आहे. मिरचीचंच घ्या, तिच्यातलं जे तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, तेच गुडघेदुखीच्या मलमात घालतात, डॉक्टर लिहून देतात. म्हणजे खाल्ली तर सांधे सुजवते म्हणणारी मिरची लावली तर दुखणं कमी करते. कुळावरून निकाल लावता येत नाही एवढंच मला म्हणायचंय. (अश्वगंधा घेताय हेही डॉक्टरांना सांगा, थायरॉइडच्या औषधाबरोबर तिचं जमत नाही कधी कधी, आणि काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.)

आपल्याकडे लोक म्हणतात वांगं वातूळ असतं, तुमच्या सासूबाईही म्हणत असतील. गंमत अशी की भावप्रकाशात वांग्याला वात कमी करणारं म्हटलंय.

पण त्या कुळातला एक जण तुमच्या पत्रात असा बसलाय की त्याच्यावर मला खरंच बोलायचंय. मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तंबाखू वांग्याच्याच कुळातला आहे. ताई, तुम्ही तीन महिने टोमॅटोची फोड सुद्धा ताटातून बाजूला काढली आणि रोज सकाळी तंबाखू हिरड्यांना चोळला, हे तुमच्या लक्षात आलं नाही कारण आपल्याकडे मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही, आजी लावायची, आई लावते, दात साफ होतात म्हणतात. बिडी-सिगारेटने आमवाताचा धोका वाढतो हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून नीट ठरलेलं आहे, आणि मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो, हिरड्या जातात. मी तुम्हाला एकच गोष्ट सोडायला सांगू शकले असते तर वांगं नाही, हीच सांगितली असती. एकदम सुटत नसेल तर तंबाखू सोडवायला मदत करणारी सरकारी फोन लाइन आहे, १८०० ११२ ३५६, फोनला पैसे पडत नाहीत.

मग दुखणं कमी झाल्यासारखं का वाटलं? वाटलं ते खोटं नाहीच. पण आषाढीपासून फक्त चार भाज्या बदलल्या का, आठवून बघा. बोटं दुखायला लागली ती उन्हाळ्याच्या कामानंतर, तुम्हीच लिहिलंय. बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा हाटायचा म्हणजे काय असतं मला माहितीये, दोन्ही हातांनी हाटकं धरून चुलीसमोर, घट्ट होत जातो तसा खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं भरून येतं, आणि नऊ माणसांच्या घराचं वर्षाचं म्हणजे ते एका दिवसाचं नसतं. ते संपलं, मग निंदणी होती, तीही श्रावण-भादव्यात उरकली, हातांना आराम पडला. मिरची बंद म्हणजे शेवभाजी, कचोरी, फरसाण, बाहेरचं सगळंच बंद. मिरची आणि तेल कमी झाल्यावर पोटाची जळजळ थांबते, झोप नीट लागते, आणि नीट झोपलेल्या माणसाला तेच दुखणं कमी वाटतं. शिवाय आमवातासारखी दुखणी आपणहून चढतात-उतरतात, चार दिवस बरे, चार दिवस वाईट, तुम्ही लिहिलेलं "रोज नाही" हे त्याच्याशी जुळतं. म्हणजे वांग्याने फरक पडला असेल, घाटा थांबल्याने पडला असेल, कशानेच पडला नसेल. आज तुम्हाला हे सांगता येणार नाही आणि मलाही नाही, कारण सगळं एकाच दिवशी बदललं.

सोडणं हे नेहमी मुदतीचं असावं, कायमचं नाही, आणि हे आपल्याला कुठल्या व्हिडिओकडून शिकायची गरज नाही. तुमच्या सासूबाई चातुर्मास पाळत असतील तर त्याही आषाढीपासून वांगं खात नसतील, आणि त्यांना कुणी चोचले करते म्हणत नाही. का? कारण त्याला तारीख आहे. कधी सुटणार ते सगळ्या घराला माहितीये, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं परत ताटात. तुम्ही सोडलंय त्याला तारीख नाही, म्हणून घरच्यांना ते घराला लागलेलं ग्रहण वाटतंय, आणि मला वाटतं थोडंसं तुम्हालाही.

पथ्य करून बघायचं असेल तर चार ते सहा आठवडे पुरे असतात. तुमचे तीन महिने झालेत, म्हणजे सोडायचा भाग संपला. आता एकेक परत आणून बघायचं, आणि खरं उत्तर त्यातच आहे. हे बऱ्याच जणांचं राहून जातं, सोडतात उत्साहाने आणि परत आणून बघतच नाहीत, मग वर्षानुवर्षं भीतीने खात नाहीत. तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघींनी मागे मला लिहिलं होतं, त्यांनाही हेच सांगते.

कसं करायचं ते सांगते, वही घ्या एक, मुलांची जुनी चालेल. रोज सकाळी दोनच गोष्टी लिहा, उठल्यावर किती मिनिटांनी मूठ पूर्ण वळली, आणि अंगठी बोटातून निघते का अडकते. "आज बरं वाटलं" असं लिहू नका, त्यावरून काही कळत नाही, मिनिटं लिहा. आठवडाभर काहीच न बदलता नुसतं लिहा. मग पहिला बटाटा, तो सगळ्यात सोपा, उपासाला तसाही घरात उकडतातच, पहिल्या दिवशी दोन फोडी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटभर, सोलून, हिरवट नसलेला. मग तीन-चार दिवस परत बंद ठेवून वहीकडे बघा. काही झालं नाही तर बटाटा सुटला. मग टोमॅटो, शिजवलेला. मग मिरची, आणि वांगं शेवटी, चंपाषष्ठीच्या भरताचं. मध्ये एखाद्याने आखडणं वाढलं तर तो परत थांबवा, सगळं शांत झाल्यावर पुन्हा एकदा आणून बघा, दोन्ही वेळा तसंच झालं तरच तो तुम्हाला चालत नाही म्हणायचं. एकदा झालं ते योगायोगाने पण होतं, त्यात दिवाळीनंतर थंडी पडली की सांधे असेही आखडतात. एक पक्कं, डॉक्टरांनी नवीन गोळी चालू केली तर हे सगळं तिथंच थांबवा आणि गोळीचा परिणाम स्थिर होईपर्यंत काहीही नवं करू नका, नाहीतर पुन्हा कळणार नाही कशाने काय झालं. आणि ज्यांना यातलं काही खाल्ल्यावर ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, दम लागतो, त्यांनी हे घरी करून बघायचं नाही, ती ॲलर्जी असते, तिचा रस्ता वेगळा.

आता घरात कसं करायचं ते बघू. वांगं, बटाटा, टोमॅटो सोडणं खानदेशात अवघड नाही, खरा प्रश्न मिरचीचा. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पडतात तो आपला मुलूख, आपल्याकडे ती भाजीत असते, चटणीत असते, पापडात असते, लोणच्यात, शेवेत, आणि काळ्या मसाल्यात तर असतेच. बाहेरच्या पाकिटावर नुसतं 'मसाले' लिहिलेलं असलं तरी त्यात असते, पॅप्रिका किंवा १६०सी लिहिलं असेल तर तोही मिरचीचाच रंग. जे कुणी हे पथ्य खरंच करतायत त्यांनी बाहेरचं तयार काहीही त्या मुदतीत खाऊच नये, तेवढं सोपं.

सासूबाईंच्या प्रश्नाला मात्र खरं उत्तर आहे, आणि मला वाटतं ते त्यांना आवडेल. मिरची आपली मूळची नाहीच. मिरची, बटाटा, टोमॅटो तिन्ही अमेरिका खंडातून आले, मिरची पोर्तुगीजांनी आणली सोळाव्या शतकात, बटाटा तर शब्द सुद्धा पोर्तुगीज. चौघांत मूळचं इथलं फक्त वांगं. त्याआधी हजारो वर्षं आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं, सुंठ, आणि मिरची हे नाव सुद्धा मिरीवरूनच पडलं. तर मिरचीशिवाय भाजी होते, झालेली आहे.

रोज करायचं कसं, तर एक भांडं, दोन फोडण्या. माझ्या चुलत सासूला अल्सरचा त्रास होता तेव्हा आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं. भाजी किंवा डाळ सगळ्यांची एकाच भांड्यात, जिरं, मोहरी, हिंग, हळद, लसूण, आलं घालून शिजवायची, मिरची नाही. शिजली की तुमची वाटी बाजूला काढायची. मग छोट्या कढल्यात तेल तापवून त्यात लाल तिखट, ठेचलेली मिरची काय पाहिजे ते घालून ती चरचरीत फोडणी राहिलेल्या भांड्यात ओतायची. बाकीच्यांना रंग मिळतो, तर्री मिळते, उलट वरून टाकलेलं तिखट जास्त झणझणीत लागतं. तुमच्या वाटीवर ताजी भरडलेली मिरी. वेगळी भाजी टाकायची गरज नाही, आणि कुणी तुमच्यासाठी काही वेगळं केलं असंही होत नाही, तुमचंच आधी काढलेलं असतं. जेठाणीला हेच सांगा, तिने स्वतःहून विचारलंय, ती तुमच्या बाजूची आहे, तुम्ही मात्र तिला नाही म्हणताय.

काळ्या मसाल्याचं पण असंच. पुढच्या उन्हाळ्यात मसाला कांडायला जाईल तेव्हा धणे, खोबरं, भाजलेला कांदा, दगडफूल, तीळ, लवंग, मिरी, बाद्यान सगळं आधी कुटून घ्या, तुमचा अर्धा किलो काढून घ्या आणि मग लाल मिरची घाला. वास तोच येतो, काळ्या मसाल्याची खरी चव दगडफुलात आणि खोबऱ्यात असते, मिरचीत नाही. सध्यासाठी घरी खलबत्त्यात थोडासा करा.

टोमॅटोच्या जागी चिंच, आमसूल, कैरीच्या दिवसांत कैरी, आणि रश्श्याला दाटपणा पाहिजे असेल तर गंगाफळ (लाल भोपळा) शिजवून घोटून त्यात चिंचेचा कोळ. आंबट चुका आणि अंबाडी तर आपल्याकडे ढिगाने मिळते. बटाट्याच्या जागी सुरण, अळकुड्या (अळूचे कंद), रताळं, आणि जळगाव जिल्ह्यात राहून कच्च्या केळ्याचा विसर पडायला नको, उकडून त्याची भाजी बटाट्यासारखीच होते. उपासाला भगर, शेंगदाण्याची आमटी, तिखटाला जिरं-मिरी. टोमॅटो आणि मिरची बंद असली की सी जीवनसत्त्व कमी पडू नये म्हणून लिंबू पिळा, पेरू खा, आवळा खा, कोथिंबीर चिमटीने नाही, मुठीने घाला.

आणि भरीत. याचं मला तुमच्याइतकंच वाटतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आमच्या घरात सण असल्यासारखं झालं होतं, कारण ते हिरवट-पांढरं मोठं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं जातं आणि बडगीत, म्हणजे भरीत घोटायच्या लाकडी भांड्यात, घोटलं जातं त्याचा वास दुसऱ्या कशाला नाही. पण तोपर्यंत गिलक्याचं (घोसाळ्याचं) करून बघा. कोवळी नको, जरा भरलेली गिलकी घ्या, तेलाचा हात लावून विस्तवावर भाजा, साल काळी पडून चटचटायला लागली की झाकून ठेवा, पाच मिनिटांनी साल आपोआप सुटते. आतला गर बडगीत घाला, भाजलेला लसूण, आल्याचा तुकडा, भरडलेली मिरी, मीठ घालून घोटा, नुसतं मिसळू नका, घोटा, मग तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे. गिलक्याला पाणी फार सुटतं, ते आधी निथळू द्या नाहीतर पचपचीत होतं. कळण्याच्या भाकरीबरोबर खा. वांग्याचं नाही लागत, पण काड्यांवर भाजलं असेल तर धुराचा वास तोच येतो आणि निम्मं भरीत त्या वासातच असतं.

लग्नाचं तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंय. वरण, बट्टी आणि तूप यात नाइटशेडचं काहीच नाही. वरणाला नुसती हिंग-जिऱ्याची फोडणी असते, आचाऱ्याला आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवा की वरणात मिरची टाकू नको, ज्याला पाहिजे तो वरून ठेचा घेईल. पंगतीत वांग्याची भाजी वाढायला आली तर पानावर हात आडवा धरायचा, तेवढं कुणीही करतं, कारण कुणी विचारत नाही. आणि कुणास ठाऊक, तोपर्यंत वहीने वांग्याची सुटका केलेलीही असेल.

शेवटी त्या दही-भाकरीचं बोलायचंय, कारण पत्रात मला तेच जास्त लागलं. चार किलो वजन वांग्याने नाही उतरलं, तुम्ही जेवत नाही म्हणून उतरलं असण्याचा संभव मोठा आहे. नऊ माणसांचं वाढून झाल्यावर शेवटी बसायचं, भाजीत मिरची म्हणून ती घ्यायची नाही, आणि वेगळं करायचं ओझं कुणावर नको म्हणून दही-भाकरी खाऊन उठायचं, हे पथ्य नाही ताई, ही उपासमार आहे. हातांना सूज असलेल्या बाईला डाळ पाहिजे, पालेभाजी पाहिजे, मूठभर शेंगदाणे-तीळ पाहिजेत. उडदाची डाळ मिरी-लसणाची करा ना, मिरचीची आठवण पण येत नाही तिच्यात.

नवऱ्याला घेऊन जा डॉक्टरकडे, बाहेर बसवू नका, आत घेऊन जा, डॉक्टर बोटं दाबतील तेव्हा तुम्ही कुठं कळवळता ते त्यांना बघू द्या. आणि सासूबाईंना आजच सांगून ठेवा की चंपाषष्ठीला नैवेद्य झाल्यावर भरताचा पहिला घास मी घेणार आहे, पण बडगीत मिरची पडायच्या आधी माझा वाटा काढा.